तीन सप्टेंबर ते दहा सप्टेंबर

मला बोलावलं होतं ते फक्त बोलीभाषेसाठी. पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकानं साताऱ्याच्या प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रजांच्या काळात भूमिगतांनी गावोगावी चालवलेल्या समांतर सरकारवर, सिनेमा लिहिला होता. चार पोरं, बेचाळीसची चळवळ, भूमिगत आयुष्य, शेणोलीची रेल्वे, सगळं त्यात होतं. पण कुंडलच्या शिवारातलं पोरगं "आता शस्त्र हाती घेण्यावाचून पर्याय उरलेला नाही" असं बोलत होतं. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी सांगलीत राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं करते, माहेर वाळवा तालुक्यातलं, त्यामुळं इकडची भाषा कानात मुरलेली. "ताई, आठ-दहा दिवसांचं काम आहे, संवाद तेवढे तुमच्याकडचे करून द्या," तो फोनवर म्हणाला. ते काम पावणेदोन वर्षं चाललं आणि संवादांपाशी थांबलं नाही.

संहिता वाचताना मी बाराव्या पानावर अडकले. तिथं पोरांच्या हातात पिस्तूल आलं होतं. आधीच्या अकरा पानांत एक भाषण, एक लाठीमार आणि एक प्रेमप्रकरण. मी त्याला विचारलं, "ही पोरं एवढ्या लवकर कशी काय बदलली?"

"इंग्रजांचा जुलूम, ताई."

"अरे, जुलूम काय बेचाळीसलाच सुरू झाला? यांच्या बापानं सोसला, आज्यानं सोसला. त्यांनी नाही पिस्तूल घेतलं."

तो गप्प बसला. उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पण प्रश्न सोडून संवाद लिहीत बसणं मला जमेना.

मग आम्ही माझ्या घरातल्या भिंतीवर एक लांब कागद चिकटवला आणि तारखा लिहून काढल्या. ९ ऑगस्ट १९४२ ला मोठे पुढारी पकडले गेले. त्यानंतर जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघायला लागले. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. २४ ऑगस्टला कराड. ३ सप्टेंबरला तासगाव. तासगावला हजारो माणसं गेली, कुणाच्या हातात काही नाही, आणि कचेरीवर तिरंगा चढला. माणसं नाचत घरी आली. ९ सप्टेंबरला वडूजला तसाच मोर्चा गेला, तशीच निःशस्त्र माणसं, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबर आणखी आठ, असे नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात गोळीबार झाला. तिथं दोघं गेले. त्यातले एक पंड्या, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनिअर.

दिग्दर्शक कागदासमोर उभा राहिला होता. त्यानं पेननं ३ आणि १० या दोन आकड्यांभोवती गोल काढले. "सात दिवस," तो म्हणाला. आमच्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग तिथं ठरला. जुनी चाळीस पानं आम्ही बाजूला ठेवली.

तरी बंदूक कुठून आली हे अजून कळत नव्हतं. इस्लामपूरचा गोळीबार बघून घरी आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पिस्तूल शोधायला जात नाही. तो लपतो. वॉरंट निघालेलं असतं, म्हणून तो घरी झोपत नाही. कुंडल औंध संस्थानात होतं. संस्थानची हद्द ओलांडली की ब्रिटिश पोलिसांचे हात जरा आखडायचे, म्हणून पोरं हद्दीच्या अलीकडं-पलीकडं करायची. वस्तीवर राहायची, ओढ्यात राहायची. हे लिहायला सोपं होतं, पण त्यानं माणसाच्या आत काय होतं ते मला दिसत नव्हतं.

ते मला आधी एका आजींनी दाखवलं. कुंडलच्या जवळच्या एका वाडीत राहतात, नव्वदी ओलांडलेली. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. नटीला भाकरी बांधायची कशी ते शिकवायला आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. आजींनी धडपं मागितलं, नवं फडकं नको म्हणाल्या, "नव्या फडक्यानं भाकरी वाळती." जुन्या लुगड्याचा चौकोनी तुकडा घेतला, तीन भाकऱ्या एकावर एक, मधल्या भाकरीवर खर्डा, वर उपडी भाकरी, कांदा फोडून बाजूला. गाठ मारताना एक पदर लांब सोडला. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अंधारात हाताला लागाय नगं का?" त्यांची आई रात्री भाकरी ताटव्याच्या आडोशाला ठेवायची आणि ही पोरगी सकाळी फडकं आणायला जायची. कोण खातं ते तिला कधी सांगितलं नव्हतं.

"आई म्हणायची, कुणाला सांगू नगंस. मी न्हाई सांगितलं. मला ठावंच नव्हतं तर काय सांगणार? पर तवापासनं मला समद्यांचं भ्या वाटाय लागलं. शेजारची मावशी हाक मारायची, तर वाटायचं, हिला कळलं काय."

हे वाक्य मी त्या रात्री तीन-चार वेळा लिहिलं. तिच्या आईनं पोरीच्या भल्यासाठीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. पण गप्प राहता राहता शेजारीण परकी झाली.

चौघा नटांपैकी दोघं सांगलीच्या नाटकातले, दोघं तालमीतली पोरं. कुंडलला कुस्तीचं मोठं मैदान भरतं, त्या भागात पैलवान सापडायला अडचण नाही. मला त्यांच्याकडून भाषणं घोकून घ्यायची नव्हती. मी दिग्दर्शकाला म्हटलं, चार रात्री यांना शिवारात राहू दे. फोन काढून घेतले. जेवण कोण आणणार, कधी आणणार ते सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तुम्हाला कुणी बघता कामा नये.

पहिल्या रात्री दंगा चालला होता. दुसऱ्या रात्री गप्पा कमी झाल्या. तिसऱ्या रात्री साडेबाराला त्या भागातली लाईट आली, आणि शेजारच्या रानातला माणूस मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून आला. तो रोजच येतो, त्याचंच रान. मी पन्नास पावलांवर, शेडपाशी बसले होते. बॅटरीचा झोत झोपडीकडं एकदाच वळला, आणि चौघांतला सगळ्यात शांत मुलगा, ज्याला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, तो उठला, हातात काठी घेतली आणि दाराच्या कडेला उभा राहिला. खोटं काहीच नव्हतं त्याच्या उभं राहण्यात. माणूस मोटर चालू करून निघून गेला, तरी हा काठी खाली ठेवेना. सकाळी मी विचारलं तर म्हणाला, "ताई, तो आपल्याला बघून गेला. आता तो सांगणार." कुणाला सांगणार, काय सांगणार, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

माझा बाराव्या पानाचा प्रश्न तिथं सुटला. या पोरांच्या हातात पिस्तुलाच्या आधी काठी आली. आणि ती काठी इंग्रजासाठी नव्हती, गावातल्याच माणसासाठी होती. लपायचं म्हटलं की खबऱ्याची भीती आली, खबऱ्याची भीती आली की त्याला जरब बसवणं आलं. पुढचं सगळं, न्यायदान मंडळं, दारूबंदी, बिनखर्चाची गांधी-लग्नं, सावकाराला वठणीवर आणणं, दरोडेखोरांचा बंदोबस्त, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांची नावं आमच्याकडं आजही आदरानं घेतली जातात, ती उगाच नाही. सरकार मोडलेलं असताना या लोकांनी गावाला न्याय दिला. पण त्या न्यायाच्या हातातली काठी कुठून आली हे दाखवल्याशिवाय त्यांचा सिनेमा पुरा होत नाही, असं माझं मत झालं. अजूनही तेच आहे.

पत्री सरकार हे नाव खबऱ्या-गुंडांच्या तळपायाला पत्रे ठोकत म्हणून पडलं, असं लोक सांगतात. प्रति-सरकारचं पत्री सरकार झालं हेही खरं. आजी म्हणाल्या, "पत्रा-बित्रा न्हाई. काठी. पालथा पाडायचा आन तळव्यावर." आम्ही काठीच घेतली.

तो प्रसंग लिहून मी माहेरी गेले होते. आई वाल सोलत होती. मी सहज सांगत होते की, असा असा सीन आहे, गावच्या पाटलाला रात्री उठवतात, चावडीमागं नेतात. आईचे हात थांबले.

"आमच्या आबांनाबी मारलं हुतं," ती म्हणाली.

आबा म्हणजे आईचे आजोबा. गावकामगार पाटील. माझ्या पंचेचाळीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. आबा लंगडायचे, हे मला माहीत होतं. बैलानं तुडवलं असं लहानपणी सांगितलेलं. आई म्हणाली, फौजदार गावात आला, त्याला आबांनी जेवायला वाढलं. पाटलानं वाढायचंच असतं, ती सरकारी नोकरी. तीन दिवसांनी शेजारच्या वाडीत दोघं पकडले गेले. मग एका रात्री पोरं आली. आबांनी खबर दिली होती का, मी विचारलं. "कुणाला ठाऊक," आई म्हणाली. "आज्जी म्हणायची, न्हाई दिली. ती काय, त्यांचीच बायको." आणि मग जरा वेळानं, "मारणाऱ्यांत एक आबांच्या चुलतभावाचा पोरगा हुता. मोठेपणी त्यो आमच्या सगळ्या लग्नांना यायचा. आबा त्याच्या पंक्तीला बसायचे."

मी सांगलीला परत आले ती संहिता उलटी करायच्या इराद्यानंच. दिग्दर्शकाला म्हटलं, हा प्रसंग पोरांच्या बाजूनं नाही दाखवायचा. कॅमेरा पाटलाच्या दारात ठेव. त्याची बायको कंदील घेऊन उंबऱ्यात उभी आहे, तिला जेवढं दिसतं तेवढंच दाखव. तो दोन दिवस तयार होईना. त्याला वाटत होतं, प्रेक्षक पोरांवर रागावेल आणि क्रांतीचा अपमान होईल. मी म्हटलं, मारणाऱ्यातलं एक पोरगं माझ्या आईच्या लग्नात अक्षता टाकून गेलंय. त्याच्यावर मी कशी रागावू? पण आबांचा पाय मी कुठं लपवू?

आमच्या एका आर्थिक भागीदाराला मात्र हे पटलं नाही. खबऱ्याला मारताना शिट्ट्या पडल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. ते बाहेर पडले. शूटिंग पाच महिने पुढं गेलं आणि दोन नटांच्या तारखा गेल्या. त्याबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही.

लोकेशनचं काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. बेचाळीसचं रान म्हणजे जोंधळा, बाजरी, मोकळी माळरानं. आज पलूस-कुंडल भागात कॅमेरा कुठंही लावा, ऊस येतो. तासगावकडं जा, द्राक्षाचे मांडव येतात. ऊस नाही तिथं विजेचा खांब. आम्ही शेवटी मोकळी रानं खटावकडं घेतली, नदीकाठ कृष्णेचा घेतला. प्रेक्षकाला ते एकच गाव वाटतं.

आणि रेल्वे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, लोकांनी रुळांवर दगड रचून पुणे-मिरज गाडी अडवली, तिच्यातला सरकारी पगाराचा पैसा ताब्यात घेतला आणि चळवळीला लावला. त्याला लूट म्हटलेलं त्यातल्या माणसांना शेवटपर्यंत आवडलं नाही. लोकांचाच पैसा लोकांकडं आणला, असं ते सांगत. आम्ही शेणोलीला जाऊन रूळ बघितले. आजचा मार्ग ब्रॉडगेज आहे, तेव्हा मीटरगेज होता. रुंद रूळ पडद्यावर दिसला की १९४३ संपलं. रेल्वेची परवानगी, इंजिनाचं भाडं, हे तर आवाक्यातलंच नव्हतं. विट्याच्या एका सुताराकडून चाळीस फूट लाकडी रूळ करून घेतला, बरोबर मीटरभर अंतराचा, वर काळा-तांबूस रंग. गाडी दाखवलीच नाही. फक्त हात, दगड, आणि लांबून येणारा आवाज. दगड रचताना पैलवान पोरानं एक दगड उचलला, रुळावर ठेवला, हलतोय का बघितलं आणि खाली एक चिप लावली. गवंडी बापाचा मुलगा तो. कुणी सांगितलं नव्हतं. गाडी अडवायची आहे तरी हात नीट काम करतात. मला त्या सबंध सिनेमातला तो एक क्षण फार प्रिय आहे.

माराचा प्रसंग आम्ही एका रात्रीत घेतला. पाटील झालेले नट साठीचे, सांगलीच्या रंगभूमीवर आयुष्य गेलेलं. काठी थर्माकोलची, वर गोणपाटाचा लेप देऊन रंगवलेली. आवाज नंतर ओल्या पोत्यावर मारून घ्यायचा होता. कॅमेरा उंबऱ्यात. कंदिलाच्या उजेडात दोन तळवे, उजव्या पायाच्या अंगठ्याला जुनं नखुरडं. पहिल्या दोन टेकला पैलवानाचा हात उठेना. तिसऱ्या टेकला उठला. आणि मारताना तो पुटपुटायला लागला. साउंडवाल्यानं हेडफोन काढून माझ्याकडं दिला. तो मोजत होता. एक, दोन, तीन, चार. तालमीत जोर मोजतात तसं, श्वास धरून. नंतर त्याला विचारलं तर मोजल्याचं त्याला आठवत नव्हतं. ते मोजणं आम्ही ठेवलं. त्या प्रसंगाला संगीत नाही, तेवढंच आहे.

सगळ्यात जास्त वेळा लिहिला तो प्रसंग मारामारीचा नाहीच. सात वेळा लिहिला. ६ मे १९४४ ला गांधी सुटले. लपूनछपून चळवळ करणं त्यांना मान्य नव्हतं. भूमिगतांनी उघड व्हावं, पोलिसांच्या स्वाधीन व्हावं, असं त्यांनी सांगितलं. त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैत, ते पाचगणीला येऊन राहिले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. ज्या म्हाताऱ्याच्या नावानं या पोरांनी घर सोडलं, तो डोंगरावर बसून सांगतोय, बाहेर या. आणि साताऱ्याच्या लोकांनी ठरवलं, नाही यायचं. नाना पाटील पुढं १९४६ पर्यंत भूमिगत राहिले.

चार पोरं एका गोठ्यात बसून यावर बोलतात, एवढाच प्रसंग. पहिल्या मसुद्यात ती गांधीवाद आणि क्रांती यांवर बोलत होती. दुसऱ्यात रडत होती. सहाव्या मसुद्यापर्यंत मला कळलंच नाही की मी त्यांना चुकीच्या माणसाबद्दल बोलायला लावतेय. सातव्यात तो शांत मुलगा म्हणतो, "बाहेर गेलो तर पाटलाच्या दारावरनं जावं लागंल." बाकीचे तिघं काही बोलत नाहीत. एकजण चूल सारखी करतो. एवढंच. नटांनी पहिल्याच वाचनात तो नीट केला. दिग्दर्शकानं माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाला, "ताई, याला हात लावू नका आता."

चित्रीकरण एकोणीस दिवसांत संपलं. डबिंग, रंग, सर्टिफिकेट, त्यात आणखी आठ महिने गेले.

पहिला खेळ आम्ही आमच्याच गावात केला, शाळेच्या पटांगणात, पांढरा पडदा लावून. दीड-दोनशे माणसं होती. आई पहिल्या ओळीत, खुर्चीवर. तासगावच्या मोर्चाला टाळ्या पडल्या. वडूजनंतर कुणी हललं नाही. माराच्या प्रसंगात मी पडद्याकडं बघितलं नाही, आईकडं बघत होते. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, पण नजर काढली नाही. शेवटी पाटील म्हातारा झालेला दाखवलाय, तो लंगडत देवळाकडं जातो आणि मारणाऱ्यातला एकजण, आता केस पिकलेला, त्याला पायरी चढायला हात देतो.

खेळ संपल्यावर लोक दिग्दर्शकाभोवती जमले. मी आईला उठवायला गेले.

"आबांचा डावा पाय जायचा," ती म्हणाली. "तुमचा माणूस उजव्यानं लंगडतोय."

मी म्हटलं, "आता बदलता येणार नाही गं."

"न्हाई, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि माझा हात धरून उठली. चपला शोधायला थोडा वेळ लागला.